मदत हवी आहे: आमच्या खासदारांचं मतदान, भाषणं, लेखी प्रश्न एकत्र कुठे बघायचे?

केळीबाग
दोन दिवस शोधतोय, काही हाती लागत नाही. पाहिजे ते एवढंच: कुठल्या विधेयकावर काय मत दिलं, सभागृहात कोणती भाषणं झाली, कोणते लेखी प्रश्न टाकले. संसदेच्या साइटवर नाव निवडलं की प्रश्नांची यादी रिकामी. दुसऱ्या एका साइटवर हजेरीच्या जागी आकडाच नाही. मतदानाचं तर पानच सापडत नाही. साइट बिघडली आहे का? रविवारी वाचनालयाच्या फलकावर तक्ता लावायचाय. थेट सांगा कुठे जायचं. पक्षांची भांडणं नकोत.

वाटसरू
लोकसभा की राज्यसभा? कितव्या लोकसभेचे खासदार? कुठलं विधेयक? एवढं तरी लिहा, मग कोणी काही सांगू शकेल.

आकडेमोड
पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं 'एमपी ट्रॅक' उघडा. हजेरी, चर्चेतला सहभाग, प्रश्न, खासगी विधेयकं, सगळं एका पानावर येतं. शेजारी राज्याची आणि देशाची सरासरीही असते. तेच आकडे फलकावर उतरवा, काम संपलं.

पारावरचा
खासदार निधीचंही लावा. वर्षाला ५ कोटी मिळतात. कोरोनात एप्रिल २०२० पासून थांबवला होता, नोव्हेंबर २०२१ मध्ये परत सुरू केला. एप्रिल २०२३ पासून ई-साक्षी पोर्टल आहे, तिथे कामं दिसतात. लोकांना त्यातच रस असतो.

केळीबाग
@पारावरचा, निधीचं विचारलं नाही हो.
@वाटसरू, लोकसभा. आत्ताचेच खासदार.
@आकडेमोड, तीच साइट बघितली. हजेरीचा आकडा नाही, असं वर लिहिलंय. आणि त्यात मतदान कुठे आहे?

तिसरा बाक
हजेरी रिकामी आणि प्रश्नही रिकामे, म्हणजे साइट बिघडलेली नसावी. तुमचे खासदार मंत्री आहेत का? मतदारसंघ कुठला?

केळीबाग
रावेर. हो, राज्यमंत्री आहेत. त्याचा काय संबंध?

तिसरा बाक
सगळा संबंध तिथेच आहे. रक्षा खडसे ९ जून २०२४ पासून राज्यमंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. हजेरीच्या नोंदवहीत मंत्री सही करत नाहीत, म्हणून हजेरीही दाखवता येत नाही. विरोधी पक्षनेत्याच्या हजेरीचंही तसंच. तेव्हा फलकावर 'प्रश्न: ०, हजेरी: ०' असं चुकूनही लिहू नका. 'मंत्री असल्याने लागू नाही' असं लिहा. शून्य आणि लागू नाही यात फार फरक आहे, आणि वाचणारा शून्यच लक्षात ठेवतो.

आता काम कसं करायचं:

संसद डॉट इन वर लोकसभेच्या भागात 'प्रश्न' उघडा. लोकसभा क्रमांक १८ असतो तो बदलून १७ करा (२०१९ ते २०२४), मग १६ (२०१४ ते २०१९). त्या तिन्ही वेळा रावेरहूनच निवडून आल्यात, त्यामुळे दहा वर्षांचे प्रश्न तिथे आहेत. नाव शोधताना 'रक्षा निखिल', 'रक्षाताई', आणि आडनाव 'खडसे' तसंच 'खाडसे' असं सगळं टाकून बघा. हिंदी नोंदींमध्ये मराठी आडनावं बदलून जातात. नाव सापडलं नाही म्हणजे प्रश्न नाहीत, असं धरू नका.

१८ व्या लोकसभेसाठी उलट दिशेने जा. मंत्रालय 'युवक कल्याण आणि क्रीडा' निवडा. प्रत्येक उत्तराच्या पीडीएफमध्ये वर, कोणत्या मंत्र्याने उत्तर दिलं ते छापलेलं असतं. जिथे त्यांचं नाव आहे त्या उत्तरांची यादी हाच त्यांच्या आत्ताच्या संसदीय कामाचा लेखी भाग.

केळीबाग
हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. १७ वी केली, यादी आली. 'केळी' टाकून काहीच येत नाही. फळपीक विम्यावर प्रश्न नक्की असणार.

वाटसरू
'केळी' नाही, 'बनाना' इंग्रजी लिपीत टाका, हिंदीत 'केला'. आणि शब्दावर फार विसंबू नका. प्रश्नाचं शीर्षक सचिवालयात ठरतं, पुष्कळदा नुसतं 'पीक विमा योजना' एवढंच असतं आणि केळीचा उल्लेख आतल्या पोटप्रश्नात. मंत्रालय 'कृषी आणि शेतकरी कल्याण', सदस्याचं नाव, आणि शब्दाची चौकट रिकामी ठेवून अधिवेशनागणिक चाळा. पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत वाचा. 'क ते घ: विवरण सभापटलावर ठेवले आहे' एवढ्यावर पहिलं पान संपतं, आकडे मागच्या परिशिष्टात असतात.

आकडेमोड
एकेक पीडीएफ कशाला उघडायची? प्रश्नांची संख्या काढा, सरासरीशी ताडून बघा. लोकांना तेवढं पुरतं.

तिसरा बाक
नाही पुरत. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. सूचना त्याहून खूप जास्त येतात, म्हणून बॅलट, म्हणजे सोडत, काढतात. एका सदस्याचे एका दिवशी जास्तीत जास्त पाच, त्यात तारांकित एकच. म्हणजे आकड्यात नशिबाचा वाटा आहे. शिवाय सारखे प्रश्न एकत्र जोडले जातात: एकच प्रश्न, एकच उत्तर, आणि वर पाच-सहा नावं. मोजताना तो प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण एक म्हणून पडतो.

आकडेमोड
बॅलट सगळ्यांना सारखंच लागू आहे. पाच वर्षांत नशीब समसमान होतं. जो सूचनाच देत नाही त्याचा आकडा कमीच राहणार. संख्या हा कष्टाचा पुरावा आहे, तुम्ही तो उगाच मोडीत काढताय.

तिसरा बाक
मोडीत काढत नाही. संख्या लिहा, पण शेजारी 'यातले इतके जोडप्रश्न' असा रकाना द्या. आणि एक रकाना आश्वासनांचा. उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे, सभापटलावर ठेवली जाईल' असं असेल तर ते सरकारी आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि सरकारी आश्वासन समिती पाठपुरावा करते. पुढे काय झालं ते बघितल्याशिवाय तो प्रश्न पूर्ण झाला असं म्हणता येत नाही.

केळीबाग
बरं, हे जमेल. आता मतदान सांगा. त्याच्यासाठीच धागा काढला होता.

वाटसरू
विधेयक कुठलं? दुसऱ्यांदा विचारतोय.

केळीबाग
तीन कृषी कायदे, २०२०. आणि मग ते मागे घेतले तेव्हाचं.

तिसरा बाक
ते मिळणार नाही. कुठेच नाही, कारण नोंदच झालेली नाही.

जीवनावश्यक वस्तू दुरुस्ती विधेयक लोकसभेत १५ सप्टेंबर २०२० ला आणि बाकीची दोन १७ सप्टेंबरला आवाजी मतदानाने मंजूर झाली. राज्यसभेत २० सप्टेंबरला विरोधकांनी मतविभाजन, म्हणजे मतं मोजून घ्यायला, मागितलं होतं, तिथेही आवाजीच झालं. २९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना, आवाजीनेच. आवाजी मतदानात अध्यक्ष 'हो' आणि 'नाही' ऐकून निर्णय देतात. कोण काय म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण बाहेर होतं, काहीच लिहिलं जात नाही. आपल्याकडची बहुतेक विधेयकं अशीच मंजूर होतात.

केळीबाग
म्हणजे एवढ्या मोठ्या कायद्यावर आमच्या प्रतिनिधीने काय मत दिलं ते आम्हाला कधीच कळणार नाही? हे बरोबर आहे का?

दहा रुपये
माहितीचा अधिकार टाका. लोकसभा सचिवालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला ऑनलाइन अर्ज, शुल्क १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. सगळं बाहेर येतं.

वाटसरू
जी नोंद अस्तित्वातच नाही ती अर्जाने तयार होत नाही. उत्तर येईल 'आवाजी मतदान झाले' आणि त्यात महिना जाईल. त्यांना रविवार गाठायचाय.

दहा रुपये
निदान लेखी उत्तर हातात येतं. फलकावर ते लावा, लोकांना नोंद का नाही हे तरी समजेल. अर्ज करूच नका असं सांगणं चूक आहे.

व्हिपवाला
मत शोधायची गरजच काय? पक्षादेश (व्हिप) निघाला की मत ठरलेलं. राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, १९८५ ची आहे. आदेश मोडला आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही तर सदस्यत्व जातं. पक्षाची भूमिका लिहा, तीच खासदाराची.

तिसरा बाक
हे मान्य नाही. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आदेशाचं बंधन सरकारच्या बहुमताशी किंवा पक्षाच्या मूळ धोरणाशी निगडित मतदानापुरतं असावं. प्रत्यक्षात सरसकट आदेश निघतात, हे खरं. पण 'पक्षाने पाठिंबा दिला' आणि 'यांनी हो म्हटलं' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. गैरहजेरी, सभात्याग, तटस्थ राहणं हे सगळं मधे आहे. २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोन दिवसांनी राज्यसभेत मतदानाच्या वेळी सभात्याग केला. पक्ष एकच, सभागृहागणिक भूमिका वेगळी.

व्हिपवाला
एक अपवाद काढून नियम बदलत नाही. शेकडो विधेयकं पक्षाच्या ओळीवरच गेलीत.

केळीबाग
भांडण नको म्हटलं होतं. ज्यांची नोंद आहे ती कुठे बघायची ते सांगा.

तिसरा बाक
नोंद फक्त मतविभाजन झालं तरच. मतविभाजन होतं ते असं: अध्यक्षांच्या आवाजी निर्णयाला एखाद्याने आव्हान दिलं तर लॉबी मोकळ्या करतात, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मांडतात, तरी आव्हान राहिलं तर यंत्राने, चिठ्ठ्यांनी किंवा लॉबीत जाऊन मतं घेतात. इथे एक खाच आहे. विभाजनाची मागणी अनावश्यक वाटली तर नियम ३६७ खाली अध्यक्ष सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात, आणि त्यात नावं नोंदवली जात नाहीत. आकडा मिळेल, नाव मिळणार नाही.

घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे विभाजन होतंच. सुरुवात तिथून करा.

सरावासाठी: १७ वी लोकसभा, १३ वं अधिवेशन, २० सप्टेंबर २०२३ ची 'चर्चा' उघडा. महिला आरक्षणाचं १२८ वं घटनादुरुस्ती विधेयक. बाजूने ४५४, विरोधात २. ते मतदान हिरव्या-लाल चिठ्ठ्यांवर झालं. मजकुरात पुढे जात राहा, 'होकार' आणि 'नकार' अशी नावांची यादी लागेल. विरोधातल्या दोघांत असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ती दोन नावं दिसली म्हणजे तुम्ही योग्य पानावर आहात. मग होकाराच्या यादीत तुमच्या खासदारांचं नाव शोधा. नसेल तर तटस्थांची यादी बघा, तिथेही नसेल तर 'मतदान नोंदलेलं नाही' असं लिहा, 'विरोध' नाही.

वाटसरू
यात भर: बातमीतला पहिला आकडा उचलू नका. अध्यक्ष निकाल सांगतात तो 'दुरुस्तीच्या अधीन'. १७ डिसेंबर २०२४ ला एकत्र निवडणुकांचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक मांडताना यंत्रावर आधी २२० विरुद्ध १४९ आले, चिठ्ठ्या धरून २६९ विरुद्ध १९८ झाले. ज्यांचं बटण नीट दाबलं गेलं नाही किंवा ज्यांना मत बदलायचं होतं त्यांनी चिठ्ठी दिली. छापील यादीत अशा नावांपुढे खूण आणि खाली टीप असते. ते मतदान विधेयक मांडू द्यायचं की नाही यावर होतं, मंजुरीवर नाही. तक्त्यात 'मांडणी', 'दुरुस्ती', 'मंजुरी' असा टप्पा लिहाच. नाहीतर दुरुस्तीला दिलेला नकार म्हणजे विधेयकाला विरोध, असा उलटा अर्थ निघतो.

नवा वाचक
आमदारांचं असंच कुठे मिळेल? लक्षवेधी वगैरे?

पारावरचा
विधानमंडळाच्या साइटवर. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे आधीच गुंता झालाय.

केळीबाग
महिला आरक्षणाची यादी सापडली. जलील यांचं नाव दिसलं, म्हणजे पान बरोबर. भाषणांमध्ये एक अडचण. एका नोंदीत भाषण लांबलचक आहे, पण त्या दिवशीच्या चित्रफितीत ते बोलल्याचं दिसत नाही. दुसऱ्या एका सदस्याचं मराठी भाषण इंग्रजीत छापलंय.

तिसरा बाक
पहिल्याच्या तळटीपेत 'भाषण सभापटलावर ठेवले' असं आहे का बघा. वेळ संपला की लिखित भाषण देता येतं आणि ते कार्यवाहीत छापलं जातं. मोजताना 'बोललेलं' आणि 'पटलावर ठेवलेलं' वेगळं ठेवा. मराठीत बोललेल्या भाषणाचं भाषांतर छापतात आणि 'मूळ भाषण मराठीत' अशी टीप देतात. लोकांपुढे मूळ शब्द ठेवायचे असतील तर चित्रफितीवरून उतरवून घ्या, भाषांतराचं पुन्हा मराठी करू नका. ताऱ्याची खूण असून मजकूर गायब असेल तर तो वगळलेला किंवा नोंदीत न घेतलेला भाग, तो बातमीतून आणून भरू नका.

आणखी एक: तारांकित प्रश्नाच्या वेळी विचारलेले पुरवणी प्रश्न प्रश्नांच्या यादीत येत नाहीत, ते चर्चेच्या मजकुरात असतात. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं होती. त्या अधिवेशनात तारांकित प्रश्न सापडणार नाहीत, कोणाचेच.

केळीबाग
मग कृषी कायद्यांच्या ओळीत काय लिहू? रिकामी सोडली तर लोक विचारतील, आणि ती ओळ काढून टाकायची नाही.

तिसरा बाक
काढू नका. असं लिहा: '१५ आणि १७ सप्टेंबर २०२०, आवाजी मतदान, सदस्यनिहाय नोंद नाही.' त्याखाली त्या दोन दिवसांच्या चर्चेत त्यांचं भाषण असेल तर तारीख आणि त्यातली दोन वाक्यं जशीच्या तशी. भाषण नसेल तर 'चर्चेत भाषण नोंद नाही'. मजकूर 'असंशोधित' शिक्क्याचा असेल तर तोही शब्द लिहा, अंतिम प्रत नंतर बदलू शकते. प्रत्येक ओळीपुढे लोकसभा क्रमांक, अधिवेशन, तारीख. म्हणजे कोणालाही ते पान स्वतः उघडता येईल.

दहा रुपये
माझा अर्जही लावा शेजारी. मसुदा लिहून देतो.

केळीबाग
द्या. आज रात्री १६ व्या लोकसभेचे प्रश्न उतरवायला बसतो. जोडप्रश्नात त्यांचं नाव पहिलं असेल ते आणि मागे जोडलेलं असेल ते, असे दोन रकाने करू का?

तिसरा बाक
करा. पीडीएफमध्ये नावं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने.