गुडघेदुखी आणि बीपी: एकामुळे दुसरं वाढतं का?

मृण्मयी:
आई ६४ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांत ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे सांध्यांची झीज. बीपीसाठी टेल्मिसार्टन घेते आणि बरीच वर्षं बीपी १३०/८०च्या आसपास असायचं. आता घरच्या मशीनवर वरचा आकडा १५०च्या पुढे जातोय. गोळी चुकत नाही, मी स्वतः देते. "गुडघे दुखतात म्हणून बीपी वाढतं," असं ती म्हणते. खरंच असं होतं का? फार काळजी वाटतेय.

गोळीपेटी:
मृण्मयी, मी फार्मासिस्ट आहे. बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलंत, पण दुखण्यावर आई काय घेतात ते लिहिलं नाहीत. काउंटरवर रोज हेच बघते. दुखण्याच्या गोळीला लोक औषधात धरतच नाहीत, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसेक्लोफेनॅक, इटोरिकॉक्सिब, सगळी एकाच जातकुळीतली. ती शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी करतात म्हणून दुखणं थांबतं. पण मीठ-पाणी बाहेर टाकायला किडनीलाही तेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. ते कमी पडलं की मीठ अंगात साठतं, पाय सुजतात, बीपी चढतं. टेल्मिसार्टनचा जोरही कमी पडतो. अम्लोडिपिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीला याचा त्रास तेवढा होत नाही. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही असेल तर जास्त जपा. ते, टेल्मिसार्टन आणि पेनकिलर अशी तिन्ही एकत्र आली तर किडनी अचानक बिघडू शकते, वयस्कर माणसांत तर विशेष.

आईंचं म्हणणं अगदी चूक नाही, दुखताना बीपी तात्पुरतं वाढतंच. दोन्ही आजार एकत्र दिसतात ते बहुतेक वय आणि वजनामुळे. गुडघे झिजल्यानेच बीपी होतं, असं सिद्ध झालेलं नाही.

पायवाट:
मला दोन्ही आहे. डॉक्टरांनी पोटातून घ्यायची गोळी बंद करून डायक्लोफेनॅकचं जेल दिलं. ते रक्तात फार थोडं उतरतं. सोबत मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम. सुरुवातीला काहीच फरक वाटत नाही, तरी सोडू देऊ नका. वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो, हे फिजिओथेरपिस्टने सांगितलं तेव्हा मला खरा हुरूप आला.

मृण्मयी:
गोळीपेटी ताई, आईच्या पर्समध्ये एसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली पट्टी सापडली. "ती तर साधी गोळी," म्हणाली! मग नुसती पॅरासिटामॉल दिली तर चालेल?

गोळीपेटी:
अधूनमधून एखादी घेणं वेगळं, रोज भरपूर घेणं वेगळं. २०२२मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी बीपीच्या रुग्णांना दिवसाला ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे दिली, तर वरचं बीपी सुमारे ५ने वाढलं. पाण्यात विरघळणारी गोळी तर टाळाच, तिच्यात सोडियम बरंच असतं.

बीपीची गोळी आपल्या मनाने वाढवू नका. आधी पाच मिनिटं शांत बसवून सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवा आणि ती पट्टी घेऊनच डॉक्टरांकडे जा. किडनी नीट चालतेय का ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं का, तेही विचारा.