डोंबिवलीचा मरीन टँक ए-६०२ मध्ये आणायचाय: ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-६०२: नमस्कार मंडळी. डोंबिवलीत एक वापरलेला मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या मासे-प्रवाळांचा, मिळतोय. ४ × १.५ × १.५ फूट, १० मिमी काच, खाली सम्प (फिल्टरचा जोड-टँक), घाण काढणारा स्किमर, पाणी हलवणारे दोन वेव्हमेकर, एलईडी, पाणी थंड ठेवायला १/१० एचपीचा चिलर. आत २५ किलो रॉक. मासे: दोन क्लाऊन, एक निळा टँग, एक गोबी. कोरलमध्ये (प्रवाळांत) झोआ, मश्रूम, लेदर, हॅमर, ॲक्रोपोरा. ६५ हजार म्हणतोय आणि रविवारीच उचला म्हणतोय. ग्रुपवर मरीनवाले आहेत म्हणून विचारतो, काय काय बघू? सेक्रेटरी साहेब, लिफ्ट वापरली तर चालेल ना?

डी-२०४: ६५ हजारात पापलेट किती येईल हो

सी-११०४: दादा, आधी त्या यादीतली शेवटची दोन नावं खोडा. हॅमर आणि ॲक्रोपोरा हे दगडी प्रवाळ. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून शेड्यूल १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यांची खरेदी-विक्री बंद आहे. "सगळेच ठेवतात" हे उत्तर फॉरेस्टवाल्यांपुढे चालत नाही. सी-फॅन, समुद्री घोडा, मोठा शिंपला (जायंट क्लॅम) दिसला तरी हात लावू नका. झोआ, मश्रूम, लेदर दगडी प्रवाळांत मोडत नाहीत.

आणि रॉक नीट बघा. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला असेल तर बिनधास्त घ्या. मेलेल्या प्रवाळाचे तुकडे असतील, म्हणजे जवळून पाहिल्यावर चांदणीसारखी छिद्रं दिसली, तर तोही त्याच कायद्यात अडकतो.

ए-६०२: बापरे, हे माहीतच नव्हतं. फोटो मागवला. रॉक सिरॅमिकचा आहे म्हणतोय, सगळा एकसारखा जांभळट-करडा दिसतोय. हॅमर-ॲक्रो घेणार नाही, सांगतो त्याला. बाकीचं?

सी-११०४: जांभळट थर म्हणजे कोरलाइन अल्गी हे शेवाळ, म्हणजे रॉक जुना आणि मुरलेला आहे. तुम्ही खरे पैसे त्याचेच देताय. अमोनिया खाणारे बॅक्टेरिया रॉकच्या छिद्रांत असतात, पाण्यात फारसे नसतात. सगळी शिफ्टिंग या एका गोष्टीभोवती फिरवा: रॉक एक मिनिटही कोरडा पडता कामा नये, आणि जुनी वाळू नव्या घरात यायला नको.

ए-५०२: मी बरोबर खाली राहते. वजन किती होणार याचं? आमच्या हॉलच्या डोक्यावर येणार ना ते?

बी-३०१: ताई, हिशेब असा. सम्प धरून पाणी २६० लिटर. खारं पाणी लिटरला १.०२५ किलो, म्हणजे २६६ किलो. टँकची काच ५० किलो, सम्पची १५, रॉक २५, वाळू २०, स्टँड ५०. एकूण सव्वाचारशे. हॉलमध्ये सहा माणसं एका जागी चिकटून उभी राहिली आणि हललीच नाहीत, इतकं. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात, पण तो भार पूर्ण खोलीवर पसरलेला धरतात. इथे अर्ध्या चौरस मीटरवर सगळं येतंय. म्हणून टँक बीमवरच्या भिंतीला लावून, कॉलमच्या कोपऱ्याजवळ. खोलीच्या मधोमध नको, बाल्कनीत तर नकोच.

मला वजनापेक्षा गळतीची काळजी जास्त. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड स्लॅबमध्ये उतरला की सळया गंजतात. गोड्या पाण्याचा डाग वाळतो, हा आतून खातो. दादा, स्टँडखाली कड असलेला ट्रे हवाच.

ए-५०२: ट्रे लावल्याचा फोटो ग्रुपवर टाका.

ए-६०२: टाकतो काकू, नक्की. बघायला गेल्यावर टँकमध्ये काय तपासू?

बी-३०१: सिलिकॉन. चारही उभे सांधे टॉर्च तिरका धरून बघा. आत बुडबुड्यांची रांग, कडेने सुटलेली पट्टी किंवा सांध्याबाहेर पांढरं मीठ साचलेलं दिसलं तर निघून या. वरच्या कडेवर मीठ चालतं, ते शिंतोड्यांचं असतं. खालच्या कोपऱ्यातलं मीठ गळतीचं. टँक किती वर्षांचा ते विचारा, १० वर्षांपुढचा असेल तर काचेला शून्य किंमत धरून बोला.

स्टँडची खालची कड नखाने टोकरा. साधं एमआर प्लाय फुगलेलं असतं आणि नख आत जातं. आयएस ७१० चं बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय किंवा पावडर कोटिंग केलेली लोखंडी चौकट हवी.

त्याच्यासमोरच मेन पंप बंद करायला सांगा. ओव्हरफ्लोचं पाणी सम्पमध्ये उतरेल. सम्प काठापासून दोन बोटं खाली थांबला पाहिजे. नाही थांबला तर आपल्याकडे लाईट जाईल त्या दिवशी ते पाणी काकूंच्या छतावर.

सी-११०४: औषध म्हणून कधी कॉपर टाकलं होतं का, हे दोनदा विचारा. तांबं रॉकमध्ये मुरून राहतं आणि हळूहळू सुटतं. मासे जगतात, कोळंबी-शंख-कोरल मरतात. चिलरची कॉइल टायटॅनियमची आहे ना, तेही त्याच कारणाने बघा.

चिलर १/१० एचपी म्हणजे लहान पडणार. मे महिन्यात ठाण्यात खोली ३३-३४ वर असते आणि पाणी २६ ला ठेवायचं. २६० लिटरला १/४ एचपी लागतो. त्याला चिलर दोन अंश खाली लावायला सांगा. तासाभरात एक अंशही उतरला नाही तर गॅस कमी असू शकतो. किमतीतून चिलर वजाच करा.

निळा टँग घेऊ नका. तो फूटभर वाढतो, चार फुटी टँकमध्ये येरझाऱ्या घालून आजारी पडतो. हॅमर, ॲक्रो, टँग, चिलर गेले की ६५ चे ४० होतात. तो घासाघीस करेल, करू दे.

ए-६०२: ४२ ला तयार झाला! वाळू का नको पण? पांढरीशुभ्र दिसतेय, २० किलो आहे.

सी-११०४: वरून शुभ्र असते. एक बोट खाली ऑक्सिजन पोचत नाही, तिथे घाण कुजून काळा थर होतो. हलवली की सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. शिवाय साठलेला अमोनिया आणि फॉस्फेट एकदम पाण्यात उतरतात. "शिफ्ट केला आणि दोन दिवसांत सगळं मेलं" यामागे बहुतेक वेळा वाळू असते. नवी अरॅगोनाइट वाळू २० किलो आणा, टँकमध्ये एक इंच थर होतो. जुन्यातली एक वाटी, वरवरची, बियाण्यासारखी घाला, पुरे.

ए-६०२: पाणी? घरच्या आरओचं चालेल?

सी-११०४: नाही. घरचे आरओ चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, टीडीएस ५०-८० राहतो. त्यात हल्ली "कॉपर प्लस" वाले निघालेत, ते पाणी तर विषच. पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन लावलेलं, टीडीएस ० दाखवणारं पाणी हवं.

मीठ म्हणजे रीफ सॉल्ट, प्रवाळांच्या टँकसाठीचं तयार मीठ. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम. जुनं १५० लिटर येणार, नवं १२० करा, त्याला साडेचार किलो मीठ. आदल्या दिवशी ड्रममध्ये पंप सोडून २४ तास फिरू द्या, २६ अंशांवर. आधी पाणी, मग मीठ. उलट केलंत तर कॅल्शियम पांढरं होऊन तळाशी बसतं. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, घनता १.०२५ हवी, आणि तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणावर ३५ दाखवेल असा लावून घ्या. मीठ थोडं जास्तच आणा, ४० लिटर राखीव पाणी लागतं.

डी-२०४: समुद्र घोडबंदरला हाकेवर आहे की, तिथून भरा

सी-११०४: खाडीचं पाणी आहे काका ते. त्यात काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

बी-३०१: रविवारचा क्रम सांगतो, तो मोडू नका.
पोचल्यावर पंप बंद करून पाच मिनिटं थांबा, गाळ खाली बसतो. वरचं स्वच्छ पाणी नळीने २० लिटरच्या आठ कॅनमध्ये घ्या. वाळूजवळचं पाणी घेऊ नका. कॅन नवे किंवा फक्त पाण्याचे, साबण लागलेली बादली नको.
मग कोरल, पाण्याखालीच डब्यात घालून झाकण. लेदर वेगळ्या डब्यात, तो चिकट पदार्थ सोडतो.
मग रॉक, झाकणाच्या क्रेटमध्ये, पूर्ण पाण्यात बुडालेला.
मासे शेवटी. रॉक असताना जाळी घेऊन मागे लागाल तर तासभर जाईल आणि मासे अर्धमेले होतील. रॉक निघाला आणि पाणी वीतभर उरलं की दोन मिनिटांचं काम. प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, थर्माकोलच्या खोक्यात, एसी गाडीत. टेम्पोत नको. शिळफाट्याला अडकलात तर दोन तास धरा. दोन दिवस आधीपासून खायला बंद ठेवायला सांगा, पिशवीत घाण कमी होते.

टँक उचलताना आत मूठभर वाळूही नको, ओल्या वाळूवर तळाची काच वाकते. चार माणसं, काचवाल्यांचे व्हॅक्यूम कप भाड्याने मिळतात. छोटा हत्तीमध्ये गादीवर, तळ खाली.

सी-११०४: झोआबद्दल एक. त्यांच्यात पॅलीटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. हातमोजे, चष्मा, आणि झोआचा रॉक ब्रशने घासायचा नाही, उकळत्या पाण्यात तर अजिबात नाही. वाफेतून श्वासात गेलं की थेट हॉस्पिटल. मुलांना त्या दिवशी आजीकडे पाठवा.

सेक्रेटरी: लिफ्ट ८ जणांची, ५४४ किलो. दार ८०० मिमी, आत रुंदी १३००, खोली ११००. वजनाचा प्रश्न नाही. आठ कॅन एका फेरीत न्या. टँक मात्र १२२० मिमी आहे, सरळ आत जाणार नाही.

बी-३०१: तिरका घालून वळवावा लागेल. आदल्या दिवशी टीव्हीचा खोका १२२ × ४६ सेंमी कापून तोच लिफ्टमध्ये घालून बघा. नाही बसला तर सहा मजले जिन्याने, चार माणसं. उभा करून न्यायचा नाही, पूर्ण वजन एका काचेच्या कडेवर येतं.

ए-६०२: आणि घरी आल्यावर?

सी-११०४: स्टँड जागेवर, लेव्हल बॉटलने बघा, टँकखाली थर्माकोल किंवा फोम शीट. वाळू, मग रॉक, मग ताटली ठेवून तिच्यावर पाणी ओता म्हणजे वाळू उडणार नाही. जुनं आणि नवं पाणी मिसळून २६ अंश झालं की पंप चालू. मग कोरल, शेवटी मासे. निम्म्याहून जास्त पाणी त्यांचंच आहे, त्यामुळे थेंब-थेंब ड्रिप करत तीन तास बसू नका. पिशवी २० मिनिटं तरंगू द्या आणि सोडा. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वाढतो आणि आतला अमोनिया विषारी होतो, म्हणून उघडी ठेवून वेळ घालवायचा नाही.

पहिले दहा दिवस रोज अमोनिया टेस्ट. ०.२५ पीपीएम दिसला की राखीव ४० लिटर बदला. खाणं एकाआड एक दिवस, चिमूटभर. लाईट निम्म्यावर, दोन आठवड्यांत वाढवा. वाळूवर तपकिरी थर येईल, घाबरू नका, तो डायाटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, आपोआप जातो.

रोज दोन-तीन लिटर पाणी उडेल, तिथे साधं डीआय पाणी भरा. मीठ उडत नाही.

बी-३०१: नवा चिलर आणताना आडवा झाला असेल तर २४ तास उभा ठेवून मगच चालू करा, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली येऊ दे. ३० एमए चा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) लावून घ्या, प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी वायरवरून प्लगमध्ये जाणार नाही. जनरेटर फक्त लिफ्टला आणि जिन्याला आहे, म्हणून एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर. लाईट गेली की मासे आधी ऑक्सिजनअभावी जातात, थंडी-गरमीने नंतर.

ए-५०२: ट्रेचा फोटो.

ए-६०२: काकू, शनिवारी टाकतो, टँक यायच्या आधी.

सेक्रेटरी: रविवारी दुपारी २ ते ४ लिफ्ट तुमची. भिंतींना गोणपाट वॉचमन लावेल. जुनं पाणी बागेत ओतू नका, कढीपत्ता जाईल. बाथरूमच्या नाल्यात टाका.