अनुभव धागा : बेसबॉलचे तारे आणि रेलिंगपाशी उभे असलेले आपण

धागाकर्ती (ब्रिजवॉटर, न्यू जर्सी)

आमच्या गावात सॉमरसेट पेट्रियट्स खेळतात. 2021पासून हा न्यूयॉर्क यांकीजचा डबल-ए संघ आहे, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन पायऱ्या खालचा. म्हणजे उद्या ब्राँक्सच्या मोठ्या स्टेडियममध्ये ज्यांच्या नावाने हजारो लोक ओरडतील, त्यातली काही पोरं आज आमच्या गावातल्या मैदानावर बॅट घासत उभी असतात. या भागात मराठी घरं भरपूर. मुलं सामन्याआधी बॉल आणि पेन घेऊन रेलिंगला चिकटतात आणि आपण मागे पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभे. तिथून एक गोष्ट फार जवळून दिसते : कोण थांबतं, कोण थांबत नाही, आणि थांबणारा कसा थांबतो.

आपल्यापैकी बरेच जण आता नुसते प्रेक्षक राहिलेले नाहीत. कुणी खेळाडूंची कार्डं जमवतं, कुणी सह्यांचे बॉल, कुणाकडे तर काचेच्या पेटीत जर्सी आहे. तेव्हा तारे खेळाडू चाहत्यांशी आणि संग्राहकांशी कसे वागतात, ते आपापल्या अनुभवातून लिहा. एकच विनंती. जगजाहीर गोष्टींत नावं खुशाल घ्या, पण स्वतःच्या भेटीत खेळाडूचं नाव नको, अनुभव गोड असो की कडू. चर्चा माणसावर न जाता वागण्यावर राहू दे.

एडिसनचा बाबा

मीच सुरुवात करतो, कारण प्रसंग तुमच्याच गावच्या मैदानावरचा आहे. माझ्या लेकीचं नाव 'ज्ञ'ने सुरू होतं. सही मागितल्यावर त्या खेळाडूने आधी तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं, त्याला कळेना. मग ती एकेक अक्षर सांगू लागली : डी, एन, वाय, ए... बॉल गुडघ्यावर टेकवून त्याने प्रत्येक अक्षर लिहिल्यावर मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पुढचं अक्षर येईपर्यंत पेन उचलून धरलं. शेवटी 'आता तू म्हणून दाखव' असं म्हणाला, स्वतः दोनदा म्हणून पाहिलं आणि मगच पुढे गेला.

शेजारी उभ्या असलेल्या एका संग्राहकाने मला हळूच सांगितलं की नाव घातल्यामुळे बॉलची किंमत पडली. बरोबर आहे त्याचं. म्हणूनच बरेच खेळाडू मुद्दाम नाव घालून सही देतात : खरा चाहता खूश होतो आणि विकायला आलेला माणूस पुढच्या खेपेला येत नाही. त्या नावामुळेच तो बॉल आमच्या घरात अनमोल झाला आहे.

बाल्टिमोरकर आजोबा

मी इथे नोकरीला आलो तेव्हा इथल्या ओरिओल्स संघाचं जुनं मेमोरियल स्टेडियम उभं होतं. नवं मैदान, कॅम्डेन यार्ड्स, 1992 साली उघडलं. मुद्द्याचं सांगायचं तर 1994चा खेळाडूंचा संप आजच्या मुलांना माहीत नाही. त्या वर्षी वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाची अंतिम लढतच झाली नाही. लोक इतके चिडले होते की पुढच्या वर्षी खेळ सुरू झाला तरी खुर्च्या रिकाम्या दिसायच्या. माझे ऑफिसातले मित्र म्हणायचे, आता पुन्हा पाऊल टाकणार नाही.

अशा वेळी ओरिओल्सचा कॅल रिपकेन ज्युनियर सामना संपल्यावर मैदानावर थांबून सह्या द्यायचा. कधी तासभर, कधी त्याहून जास्त. संपाचा राग एका माणसाने असा अंगावर घेऊन निवळवताना मी दुसरा पाहिलेला नाही. 6 सप्टेंबर 1995ला त्याने सलग 2,131वा सामना खेळून लू गेरिगचा विक्रम मोडला. पाचव्या डावात सामना अधिकृत ठरल्यावर खेळ 22 मिनिटं थांबला. सहकाऱ्यांनी त्याला डगआउटमधून बाहेर ढकललं आणि त्याने अख्ख्या मैदानाला फेरी मारली, कडेच्या लोकांशी हात मिळवत, ओळखीच्यांना नावाने हाक मारत. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, आमच्यापर्यंत हात पोचायचा प्रश्नच नव्हता, तरी माझी बायको रडत होती. बेसबॉलचे नियम तिला तेव्हा धड माहीतही नव्हते.

आणि ओरिओल्सचाच ब्रूक्स रॉबिन्सन. 2023 साली गेला. या शहरात त्याच्या नावावरून मुलांची नावं ठेवलेली कितीतरी घरं सापडतील. आयुष्यभर त्याने इतक्या सह्या दिल्या की हॉल ऑफ फेममधल्या (बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीतल्या) खेळाडूच्या मानाने त्याची सही बाजारात स्वस्त मिळते. संग्राहक याला तोटा म्हणतील. मला ती स्वस्ताई त्या माणसाची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

मिनिआपोलिस

आजोबा, आमच्या मिनेसोटा ट्विन्स संघाकडे तसा हार्मन किलब्रू होता. 573 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारलेला माणूस, पण सही शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखी, प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी. ट्विन्सचे तरुण खेळाडू गिचमिड सही करायचे तेव्हा तो त्यांना बाजूला घेऊन सांगायचा की लहान मुलाला घरी गेल्यावर वाचता आलं पाहिजे कुणाची सही आहे ती. त्यांच्यापैकीच टोरी हंटरने ही शिकवणी पुढे जाहीरपणे सांगितली आहे. किलब्रू 2011 साली गेला, पण त्याच्या हाताखालून गेलेल्यांच्या सह्या आजही वाचता येतात.

नाव न देता

माझा अनुभव कडू आहे. पैसे भरून सही मिळते त्या कार्यक्रमाला मुलाला घेऊन गेले होते. खेळाडू निवृत्त आहे, फार मोठा आहे. तिकिटाचे पैसे वेगळे, बॅटवर सही हवी तर जास्त, सोबत एक शब्द लिहून हवा तर त्याचे आणखी. यात गैर काही नाही, दर आधीच कळवले होते. पण आमची पाळी आली तेव्हा त्याच्या एका हातात फोन होता. दुसऱ्या हाताने सही केली, मदतनिसाने बॉल पुढे सरकवला, संपलं. मुलाने रात्री पाठ केलेलं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. मान वर करायला किती वेळ लागतो? बॉल घरी आहे. पण मुलगा तो कुणाला दाखवत नाही.

क्लीव्हलंडचा कार्डवाला

ताई, तुमच्या मुलाला माझा मार्ग सांगा. मी टपालाने सह्या मागवतो. पाकिटात एक छोटं पत्र, एक-दोन कार्डं आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. चालू खेळाडूंना पाठवाल तर क्लबच्या पत्त्यावर ढिगात पडून राहील. पण पन्नास-साठच्या दशकातले म्हातारे खेळाडू उत्तरं देतात. त्यातले बरेच जण फार नावाजलेले नव्हते. कुणी दोन मोसम खेळला, कुणी एका वर्ल्ड सीरिजमध्ये एकदा बॅट धरली. त्यांना कुणीतरी आठवण ठेवून पत्र लिहिल्याचं अप्रूप असतं. मी पत्रात त्यांच्या एखाद्या विशिष्ट सामन्याबद्दल विचारतो. कार्डाबरोबर कधी कधी पानभर उत्तर येतं : त्या दिवशी वारा कुठून होता, पिचर कोण होता, घरी परतताना बस कशी बंद पडली.

मागे एका खेळाडूचं पाकीट आलं, त्यात माझी कार्डं सहीशिवाय परत होती. सोबत त्याच्या मुलीची चिठ्ठी : बाबांचा हात आता चालत नाही, पण तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं. सोबत पाठवलेला चेकही तिने परत केला होता. माझ्या संग्रहात ती चिठ्ठी कार्डांच्याच वहीत लावलेली आहे.

आमच्या शहराच्या संघाचा जुना पिचर बॉब फेलर तर इतक्या सह्या द्यायचा की लोक थट्टेने म्हणायचे, त्याची सही नसलेला बॉलच दुर्मीळ.

सॅन डिएगो

संग्राहकांच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून बोलते. नव्वदच्या दशकात सह्यांना इतका भाव आला की खोट्या सह्यांचे कारखानेच निघाले. एफबीआयने त्यावर 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोठी मोहीम चालवली आणि त्यात आमचं शहर केंद्रस्थानी होतं. इथल्या पाद्रेज संघाचा आमचा लाडका खेळाडू टोनी ग्विन, त्याने स्वतः संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या ओळखल्या. जप्त मालात चक्क मदर तेरेसांच्या 'सही'चे बेसबॉल निघाले! हे वाचल्यावर मला हसू आलं नाही, किळस आली.

2001पासून मेजर लीगची स्वतःची खातरजमा पद्धत आहे. प्रत्येक सामन्याला प्रमाणित करणारी माणसं मैदानाजवळ बसतात, बहुतेक पोलीस खात्यात काम केलेली. वापरलेला बॉल किंवा बॅट त्यांच्या नजरेसमोरून आली तरच तिला क्रमांकाचं होलोग्राम स्टिकर लागतं. स्टँडमध्ये गेलेला होमरनचा बॉल नजरेआड होतो, म्हणून मोठ्या विक्रमाच्या वेळी आधीच खुणा केलेले बॉल वापरतात. खेळाडू आपल्याकडे संशयाने का पाहतात, याचं मूळ त्या खोट्या मालात आहे. चाहता कोण आणि दलाल कोण, हे त्यांना चेहऱ्यावरून कसं कळणार?

लॉस एंजेलिस

होमरनच्या बॉलचा विषय निघालाच आहे तर. 9 जुलै 2011ला यांकीजच्या डेरेक जीटरचा तीन हजारावा हिट होमरन ठरला. तो बॉल मिळालेल्या तरुणाने एक पैसा न मागता परत केला. यांकीजने त्याला उरलेल्या मोसमाची उत्तम तिकिटं आणि सही केलेल्या बॅटी, बॉल, जर्सी दिल्या. नंतर या भेटींवर कर भरावा लागेल का, यावरच चर्चा रंगली. तरी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची शान राहिली.

उलट आमच्या डॉजर स्टेडियमवर 3 एप्रिल 2024ला शोहेई ओहतानीने डॉजर्ससाठी पहिला होमरन मारला. बॉल मिळालेल्या बाईंना नवऱ्यापासून वेगळं नेऊन घाई केल्याची त्यांची तक्रार होती. बदल्यात सही केलेल्या टोप्या, एक बॉल आणि बॅट मिळाली. ओहतानीचं दुभाष्यामार्फत आलेलं बोलणं ऐकून लोकांना वाटलं की तो त्यांना भेटला, पण भेट झालीच नव्हती. टीका झाल्यावर क्लबने त्यांच्याशी पुन्हा बोलून त्यांचं समाधान केलं. माझं मत स्पष्ट आहे : खेळाडू चांगला असून भागत नाही, त्याच्या आणि चाहत्याच्या मध्ये जी माणसं उभी असतात, त्यांच्या वागण्यालाही त्याचंच नाव लागतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मारलेल्या त्याच्या मोसमातल्या पन्नासाव्या होमरनचा बॉल ऑक्टोबरमध्ये लिलावात जवळपास 44 लाख डॉलरला गेला. इतका पैसा समोर असताना पुढचा माणूस बॉल हसत परत देईल, ही अपेक्षा ठेवणंच चूक आहे.

फिनिक्स

मी खेळाडूंची बाजू मांडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मेजर लीगचे पंधरा संघ आमच्या भागात सरावाला येतात, उरलेले फ्लोरिडात. मागच्या सराव मैदानांवर खेळाडू तुमच्यापासून हाताच्या अंतरावरून चालत जातात. सहीसाठी याहून चांगली जागा नाही. आणि इथेच दिसतं की त्यांना काय सोसावं लागतं. तेच तेच पाच-सहा लोक, पाठीवर बॅटींची पोतडी, रोज सकाळी फाटकापाशी. हेच लोक रात्री हॉटेलच्या लॉबीतही. काही जण लहान मुलांना पुढे करून त्यांच्या हातात बॉल देतात आणि सही झाली की काढून घेतात. एका खेळाडूने माझ्यासमोर एका मुलाला विचारलं, 'हा बॉल तुझाच का?' मुलाने मागे पाहिलं. खेळाडूने सही केली, मुलाच्या हातात बॉल दिला आणि मागच्या माणसाकडे रोखून पाहत म्हणाला, 'हा याच्याकडेच राहणार.' तो माणूस पोतडी उचलून निघून गेला.

तेव्हा एखादा तारा मान खाली घालून निघून गेला तर लगेच गर्विष्ठ म्हणू नका.

पिट्सबर्ग

इथल्या लॉरेन्सव्हिल भागात जुन्या अग्निशमन केंद्रात रोबेर्तो क्लेमेंते संग्रहालय आहे. आईबाबा भारतातून आले की मी त्यांना नेतो. इथल्या पायरेट्स संघाचा हा तारा चाहत्यांची पत्रं शहरांप्रमाणे वेगळी करायचा. मग संघ त्या शहरात गेला की तिथल्या आजारी मुलांना इस्पितळात जाऊन भेटायचा. गाजावाजा नाही. 31 डिसेंबर 1972ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. आमच्या बाबांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता. क्लेमेंतेने मुलांच्या पत्रांचं काय केलं हे सांगितल्यावर त्यांनी सगळी दालनं पुन्हा पाहायला लावली.

एडिसनचा बाबा

जुलैच्या शेवटी कूपर्सटाउनला, हॉल ऑफ फेमच्या गावी, जायचा बेत आहे. तिथे नव्या खेळाडूंचा समावेश होतो तेव्हा मेन स्ट्रीटवर जुने तारे टेबलं मांडून सह्या देतात म्हणे. जावं का?

धागाकर्ती

जरूर जा. पैसे देऊनच मिळतात सह्या, पण गर्दी असली तरी वातावरण घरगुती असतं. सट्टा लावल्याबद्दल बेसबॉलमधून बंदी घातलेला पीट रोझ, बंदी असतानाही त्याच रस्त्यावरच्या दुकानात बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाशी भरपूर बोलायचा. हॉटेल आत्ताच बघा, गाव अगदी लहान आहे, लोक तासभर लांब राहतात. दर प्रत्येक दुकानाबाहेर लिहिलेले असतात, आधी फिरून या. बॉलवर सही घ्यायची तर निळं बॉलपॉइंट न्या, शार्पी मार्करची शाई चामड्यात पसरते. कार्डाला आणि बॅटीला शार्पी चालेल. आणि लेकीचं नाव एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्याच हातात द्या.