जुन्या वॅगन-आरला हॅलोजनऐवजी एलईडी बल्ब बसवावेत का? (कुंभार्ली घाट, खर्चाची मर्यादा अडीच हजार)

घाटमाथा_ते_खाडी:
नमस्कार. माझी २०१४ सालची वॅगन-आर आहे. दर शनिवारी काम आटोपून मी कराडहून चिपळूणला माहेरी जाते. हेळवाक येईपर्यंत अंधार पडलेला असतो आणि तिथून पोफळीपर्यंतच्या वळणांवर, विशेषतः पावसात, रस्त्याची कड कुठे संपते तेच कळत नाही. बल्ब मूळचेच, म्हणजे एच४ प्रकारचे ६०/५५ वॉटचे हॅलोजन आहेत. कराडच्या एका दुकानदाराने एलईडीची जोडी १,८०० रुपयांना सांगितली आहे. माझी मर्यादा अडीच हजारांची आहे आणि गाडीची वायर कुठेही कापायची नाही. ज्यांनी स्वतः वापरले आहेत त्यांनीच कृपया सांगावे.

चौथा_गिअर:
ताई, बल्ब बदलण्याच्या भानगडीत पडू नका, थेट प्रोजेक्टर, म्हणजे भिंगाचे हेडलाइट, बसवून घ्या. मी माझ्या गाडीला पुण्यात बसवून घेतले. १८ हजार गेले, परंतु आता ताम्हिणीत रात्री गाडी चालवताना दिवस उजाडल्यासारखे वाटते. एकदाच खर्च करावा आणि चांगला करावा, या मताचा मी आहे.

सुपारीचे_खांड:
मी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेली एलईडीची जोडी बसवली होती, तिची हकिगत सांगतो. बल्बच्या मागे उष्णता बाहेर टाकण्यासाठी छोटा पंखा असतो, त्यामुळे दिव्यामागचे रबरी झाकण बसेना. गॅरेजवाल्याने ते कापून बसवले. पहिल्याच पावसाळ्यात त्या फटीतून ओल आत गेली, काचेला आतून बाष्प धरले आणि सातव्या महिन्यात एका बाजूचा पंखा बंद पडून तो बल्ब लुकलुकू लागला. शिवाय दिवे लावले की एफएमवर खरखर येत असे. झाकण न कापता बसत असेल तरच घ्या, एवढेच माझे सांगणे आहे.

घाटमाथा_ते_खाडी:
झाकणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, दुकानात बल्ब लावूनच पाहीन. १८ हजारांत माझ्या गाडीचे चारही टायर येऊन वर पैसे उरतील, त्यामुळे प्रोजेक्टरचा विषय इथेच थांबवू या.

जुना_मिस्त्री:
बल्ब घेण्याआधी एक मोजमाप करा. इंजिन चालू ठेवून दिवे लावा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीवर व मग बल्बच्या होल्डरवर विजेचा दाब (व्होल्टेज) मोजा. जुन्या गाड्यांमध्ये दिव्यांचा सगळा प्रवाह बारीक वायर आणि झिजलेल्या स्विचमधून जातो, त्यामुळे वाटेतच दीड-दोन व्होल्ट गळतात. हॅलोजनचा प्रकाश दाबाच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो, म्हणजे दाब दहा टक्क्यांनी घटला की प्रकाश तीस टक्क्यांनी उतरतो. अशा वेळी रिलेचे (विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचचे) तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा संच, मिळतो. त्यात दिव्यांना बॅटरीतून थेट प्रवाह मिळतो आणि जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो. मूळ वायर कापावी लागत नाही, सगळे सॉकेटला सॉकेट जुळते. हार्नेस आणि चांगल्या हॅलोजनची नवी जोडी अडीच हजारांत बसते. हॅलोजनच्या काचेला मात्र बोटे लावू नका, कारण बोटांचे तेल लागलेली जागा जास्त तापून बल्ब लवकर जातो.

वादळवारा:
रिले बसवणारच असाल तर १००/९० वॉटचे बल्ब घ्या. आमच्या जीपला पंधरा वर्षे तेच आहेत. समोरचा आपोआप डिपर देतो.

सुपारीचे_खांड:
समोरचा डिपर देतो तो आदराने नव्हे, त्याचे डोळे दिपतात म्हणून! माझ्या चुलतभावाने रिलेशिवाय असे बल्ब लावले आणि होल्डर वितळला.

धुक्यातला_प्रवासी:
वॉटचा वाद बाजूला ठेवा. धुक्यात पांढरा प्रकाश उपयोगाचा नाही, पिवळाच हवा. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळेच हेडलाइट असत, ते काही हौसेखातर नव्हते.

जुना_मिस्त्री:
धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात. फॉग लॅम्प कामाला येतो तो बंपरखाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत आडवा, बुटका असतो म्हणून.

धुक्यातला_प्रवासी:
मी आंबोलीत वीस वर्षे गाडी चालवतो आहे. मला पिवळ्यात दिसते, पांढऱ्यात दिसत नाही. थेंबांचे माप मी घेतलेले नाही.

म्युनिकवासी:
मी वाहनांच्या दिव्यांशी संबंधित काम करतो, म्हणून एक खुलासा. एच४ बल्बात दोन तारा असतात आणि डिपरच्या, म्हणजे खालच्या झोताच्या, तारेखाली धातूची लहान वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून डिपरवर परावर्तकाचा वरचाच भाग कामाला येतो आणि झोताला वरून स्पष्ट कड मिळते. एलईडीची चिप जिथे मूळ तार असते नेमकी तिथे आणि तेवढ्याच आकाराची नसेल, तर ही कड विस्कटते. मग तुम्हाला झगझगाट दिसतो, पण लांबचे कमी दिसते आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. जर्मनीत म्हणूनच हॅलोजनच्या जागी एलईडी लावण्यास बंदी होती. २०२० मध्ये ओसराम कंपनीच्या एच७ प्रकारच्या एलईडीला पहिली मान्यता मिळाली, तीही ठरावीक गाड्यांपुरती. भारतातही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचना बदलू देत नाही. बल्ब बदलणे त्यात येते का, यावर इथे वाद होईल, परंतु तपासणीच्या वेळी तो वाद तुम्हालाच घालावा लागेल.

चौथा_गिअर:
म्हणूनच म्हटले, प्रोजेक्टर.

नवा_सभासद_७७:
सगळे प्रतिसाद वाचलेले नाहीत. एलईडी लावा, रात्रीचा दिवस होतो. झाकण बसते का तेवढे बघा.

म्युनिकवासी:
काहीही लावले तरी भिंतीवर तपासा. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली असली पाहिजे. मागे सामान भरले की गाडीचे नाक वर होते, हेही लक्षात असू द्या.

घाटमाथा_ते_खाडी:
सर्वांचे आभार. मोजमाप केले. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर ११.९ व्होल्ट आले, म्हणजे मिस्त्रीदादांचे निदान अचूक निघाले. तरीही मी एलईडीच घेतले. माझा हिशेब असा की ते प्रवाह कमी ओढतात, त्यामुळे वायरमधली गळती आपोआप घटते आणि त्यांच्यातला ड्रायव्हर (प्रवाह सांभाळणारे सर्किट) कमी दाबावरही प्रकाश तेवढाच ठेवतो. दुकानदाराने आठ दिवसांत परत घेण्याचे बिलावर लिहून दिले. झाकण न कापता बसले. भिंतीवर कड स्पष्ट दिसली, पण उजवीकडची थोडी वर होती, ती स्क्रूने उतरवून घेतली.

जुना_मिस्त्री:
ताई, रोग वायरचा आणि तुम्ही औषध बल्बला दिलेत. तो स्विच उद्या जळणारच आहे, तेव्हा याच धाग्यावर या. जुने हॅलोजन मात्र फेकू नका.

घाटमाथा_ते_खाडी:
डिकीत ठेवले आहेत, दादा. कालची पहिली फेरी सांगते. कोरड्या रस्त्याची कड स्वच्छ दिसली. हेळवाकच्या पुढे धुके लागले आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली, तिथे आंबोलीवाल्यांची आठवण झाली. मागे तांदळाची दोन पोती होती, म्हणूनच बहुधा घाट उतरताना तीन गाड्यांनी डिपर मारले. मग थांबून डॅशबोर्डवरचे झोत खाली करायचे चाक दोनवर नेले. त्यानंतर पोफळीपर्यंत एकाच ट्रकने मारला.

चौथा_गिअर:
प्रोजेक्टरला एकानेही मारला नसता.