नागपुरात घर शोधताना: तुमचा अनुभव सांगा

नवऱ्याची बदली झालीय, जूनपासून आम्ही तिघं नागपुरात. जो तो सांगतो, 'धरमपेठ चांगलं, लक्ष्मीनगर चांगलं.' चांगलं म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. मुलगी अकरावीत जाईल, क्लास सुटायला रात्रीचे साडेआठ. तिला एकटीला घरी येता यावं आणि शेजाऱ्यांनी आम्हाला उपरं समजू नये, एवढंच हवंय. स्वतःचे अनुभव सांगा, ऐकीव नको.

*

ताई, ब्रोकर घर दाखवते दुपारी बारा वाजता. तेव्हा कोणतीही गल्ली सज्जनच दिसते. तुम्ही रात्री नऊला जा, अन् गाडीनं नाही, चौकातून पायी. दिवे किती लागले, डेली नीड्स उघडं आहे का, पानठेल्यावर कोण उभं राहून राहिलं, सगळं समजते. दुधाची एक पिशवी घ्या अन् दुकानदाराला हळूच विचारा, 'पाणी कसं आहे इकडे?' मी बेसा भागात घर घेताना हे विचारलं नाही. एप्रिलमध्ये बोअर आटली, मग टँकर आला की बादल्या घेऊन पळा. पण खरं सांगू का, आमची सगळी फ्लॅट स्कीम एकमेकांच्या ओळखीची झाली ती त्या टँकरपाशीच.

*

वरचा मजला घेऊ नका. मे महिन्यात पारा पंचेचाळिसच्या वर जातो. सकाळी आठला नळाचं पाणी चटका देतं आणि कूलर नुसता गरम वारा फेकतो. बाकी भाग कोणताही घ्या.

*

आणि तळमजला घेताना माझं ऐका. अंबाझरी लेआउटच्या बाजूला राहत होतो. भाग शांत, मोठी झाडं, मोठी गेटं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव ओव्हरफ्लो झाला. गादी ओली लागली म्हणून जाग आली, तर सिलिंडर, चपला, पोराचं दप्तर, सगळं खोलीत तरंगत होतं. वरच्या मजल्यावरच्या काकांशी चार महिन्यांत बोलणं झालं होतं ते फक्त पार्किंगवरून, तेही चढ्या आवाजात. तेच टॉर्च घेऊन जिन्यात उभे. नऊ दिवस त्यांच्या हॉलमध्ये झोपलो. (पार्किंगचा वाद अजून चालू आहे.) घर पाहताना कंपाउंडची भिंत बघा. नवा रंग कमरेपर्यंतच असेल तर का, ते विचारा.

*

आमची अडचण दिवे-पाण्याच्या आधीच येते. फोनवर किराया ठरतो, डिपॉझिट ठरतं, मग 'पूर्ण नाव काय म्हणाले?' आडनाव सांगितलं की 'घरी विचारून सांगतो.' दीक्षाभूमीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर हे पाच वेळा झालं. एकानं आडनाव विचारलं नाही, 'नॉनव्हेज खाता का' विचारलं. सावजी मटणाच्या गावात! शेवटी मी पहिल्या वाक्यातच आडनाव सांगायला लागलो. नकार येतोच, पण पेट्रोल वाचतं.

आता मानेवाड्यात आहे. या घरमालकानं एवढंच विचारलं, 'आधारची झेरॉक्स आणली का?' पोलीस व्हेरिफिकेशन झालं, अॅग्रीमेंट रजिस्टर झालं. (महाराष्ट्रात ते करावंच लागतं आणि जबाबदारी घरमालकाची असते. खर्च मात्र आम्हीच भरला.) त्यांचं ते कोरडं वागणं मला फार आवडलं.

*

मी मिहानमध्ये नोकरीला, म्हणून वर्धा रोडवर मेट्रोजवळ रूम घेतली. घरमालकीण काकू रोज रात्री गेटजवळ खुर्ची टाकून बसायच्या. मला राग यायचा. एकदा चौकापासून एक बाइक हळूहळू मागे येत होती. काकू खुर्चीतूनच ओरडल्या, 'काऊन रे, कोणाकडे आला?' बाइक वळली. त्याच काकूंनी पुढच्या महिन्यात आईला फोन करून सांगितलं, की माझ्याकडे कोण कोण येतं आणि किती वेळ बसतं. मी सामान उचललं. आता मोठ्या फ्लॅट स्कीममध्ये आहे, कॅमेरे, गार्ड, सगळं. गार्ड आठ महिने झाले तरी विचारतो, 'मॅडम, कोणाकडे जायचं आहे?'

ताई, मुलीचा क्लास बर्डीकडे असेल तर भागापेक्षा स्टेशन बघा. दोन्ही लाइन सीताबर्डीलाच मिळतात. फक्त स्टेशन ते घर ही शेवटची दहा मिनिटं चालून बघा, तिला सोबत घेऊन.

*

महालात राहा असं मी म्हणणार नाही, गाडी कुठे लावाल? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा तर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. माझ्या पोरीला मात्र चार दुकानांतले लोक नावानं हाक मारतात. तिला ते अजिबात आवडत नाही.

*

धागा काढणारी: सगळ्यांचे आभार. परवा रात्री नऊला खामल्यात पायी फिरलो. दोन दिवे बंद होते. दुधाची पिशवी घेतली, पाण्याचं विचारलं. दुकानदार म्हणाला, 'पाणी ठीक आहे, पण तुम्ही कोणत्या घराचं पाहून राहिले?' सांगितल्यावर तो नुसता हसला. त्या गल्लीत कुणी राहिलंय का?