पहिला गोल्फ संच घेताना नेमके काय पाहावे? (नागपूर)

वर्धा_रोड:
नमस्कार. गेल्या हिवाळ्यापासून मी नागपुरात गोल्फ शिकत असून आजवर प्रशिक्षकांच्या जुन्या क्लबांवर (चेंडू मारण्याच्या काठ्यांवर) भागवले. आता स्वतःचा संच घ्यायचा आहे. वय ४८, उंची ५ फूट ५ इंच, स्विंग (क्लब फिरवण्याची गती) संथच म्हणावा असा. दुकानदार पूर्ण १४ क्लबांचा संच आणि त्यासोबत महागडा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) सुचवीत आहेत. मला मात्र एकूण खर्च ५० हजारांच्या आत ठेवायचा आहे. शाफ्ट (क्लबची दांडी) स्टीलचा घ्यावा की ग्रॅफाइटचा, वापरलेला संच चालेल का, आणि ड्रायव्हरवर इतके पैसे घालावेत का, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

गोरेवाडा_सकाळ:
नियमांनुसार एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात; ती कमाल मर्यादा आहे, तेवढे नेलेच पाहिजेत असे नाही. सुरुवातीला ५ नंबरचा वुड (लांब फटक्याचा), एक हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला), ६ ते ९ नंबरचे आयर्न (मधल्या अंतराचे), पिचिंग वेज, सँड वेज (जवळच्या उंच फटक्यांचे) आणि पटर (चेंडू भोकाकडे घरंगळवण्याचा) एवढे पुरे. ३ आणि ४ नंबरच्या आयर्नने चेंडू उचलणे नवख्याला फार जड जाते, म्हणून त्यांच्या जागी हायब्रिड बरा. आयर्न कॅव्हिटी बॅक (डोक्याच्या मागे खोलगट) प्रकारचेच घ्यावेत, कारण त्यांत वजन कडेला पसरलेले असल्याने फटका मध्यावर बसला नाही तरी क्लबचे डोके कमी वळते आणि अंतर फारसे घटत नाही.

शाफ्टबाबत माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या वयाला आणि स्विंगला ग्रॅफाइटच घ्यावा, आणि त्यातही रेग्युलर किंवा त्याहून मऊ सिनियर फ्लेक्स (दांडीचा लवचीकपणा). तो हलका असतो आणि कोपर-मनगटाला बसणारा हादरा कमी करतो. आपली जमीन काळ्या मातीची. एप्रिल-मेमध्ये ती इतकी कडक होते की चुकीचा फटका थेट कोपरात जाणवतो. याच कारणाने सँड वेजचा बाउन्स (तळाच्या फुगवट्याचा कोन) फार मोठा नसावा. कडक जमिनीवर मोठ्या बाउन्सचा तळ आपटून उसळतो आणि धार चेंडूच्या पोटात बसते. पावसाळ्यातील मऊ जमिनीचाही विचार केला, तर ५६ अंश लॉफ्टचा (तोंडाच्या कलाचा), १० अंशांच्या आसपास बाउन्स असलेला वेज येथे वर्षभर चालावा.

लाय कोन (क्लब टेकवल्यावर दांडी आणि जमीन यांतला कोन) मात्र अवश्य तपासून घ्यावा. चेंडूवर पुसता येणाऱ्या मार्करने एक जाड उभी रेघ ओढावी, ती बाजू क्लबकडे करून ७ नंबरच्या आयर्नने चेंडू मारावा आणि क्लबच्या तोंडावर उमटलेली रेघ पाहावी. ती खाचांना काटकोनात असेल तर कोन जुळला; तिरपी असेल तर तो संच तुमच्या उंचीला आणि उभे राहण्याच्या पद्धतीला जुळत नाही, मग नाव कितीही मोठे असो. दुकानदार ही चाचणी करू देत नसेल, तर तेथून खरेदी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

फुटाळा_काठ:
वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु त्यांच्या यादीत नसलेला ड्रायव्हर पूर्णपणे टाळावा असे मला वाटत नाही. नवा मात्र घेऊ नये. ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरच्या वर जाऊ शकत नाही आणि चेंडू उसळवण्याच्या क्षमतेवरही नियमांचे बंधन आहे, त्यामुळे पाच-सहा वर्षांपूर्वीचे चांगले मॉडेल हौशी खेळाडूच्या हातात नव्याच्या जवळपासच अंतर देते. लॉफ्ट १२ अंशांचा पाहावा. संथ स्विंगला ९ अंशांत चेंडू हवेत टिकत नाही.

वापरलेला संच घेताना वेजच्या खाचा झिजल्या आहेत का, आणि शाफ्ट डोक्यात शिरतो तेथील काळी कडी वर सरकली आहे का, हे पाहावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी अधिक ताप असतो. तेथे सतत पडून राहिलेल्या क्लबांचा गोंद सैल होऊ शकतो व रबरी ग्रिप (मूठ) कडक पडते. ग्रिप बदलता येते आणि तो खर्च मोठा नाही, पण डोके हलत असेल तर तो क्लब परत करावा. नामांकित कंपन्यांच्या नकली क्लबांचा धंदाही जोरात आहे, तेव्हा निम्म्या किमतीत कोरा करकरीत संच मिळत असेल तर विक्रेत्याची नीट खातरजमा करावी.

वर्धा_रोड:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. अर्धा संच ग्रॅफाइटमध्ये नवा आणि ड्रायव्हर वापरलेला, असे ठरवीत आहे. चेंडू कोणते घ्यावेत?

गोरेवाडा_सकाळ:
दोन थरांचे, कठीण आवरणाचे. युरेथेन आवरणाचे महाग चेंडू ग्रीनजवळ (भोकाभोवतीच्या आखूड गवताजवळ) जी फिरकी देतात, तिचा उपयोग करून घेण्याइतका फटका अजून बसलेला नसतो, आणि झुडपांत हरवले की चुटपुट लागते ती वेगळीच. मात्र एकच प्रकार ठरवून सरावालाही तोच वापरावा, कारण प्रकार बदलला की पटिंगमध्ये चेंडूचा आवाज आणि हाताला लागणारा अंदाज दोन्ही बदलतात. पटरची लांबी तुमच्या उंचीला ३३ किंवा ३४ इंच पुरावी. तो ऑनलाइन न मागवता हातात धरून, डोळे चेंडूच्या बरोबर वर येतात का हे पाहूनच घ्यावा.