बाबांच्या पॅचमुळे श्वास मंदावला; पुन्हा असं झालं तर घरी काय करायचं?

मानेवाड्याची लेक:
नमस्कार. बाबा ६८ वर्षांचे, कॅन्सर हाडांत उतरलाय. दुखणं थांबावं म्हणून फेंटॅनिल या जालीम वेदनाशामकाचा पॅच कातडीवर लावतो, दर ७२ तासांनी बदलतो. मागच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात, सकाळी खांदा ठणकत होता म्हणून आईनं गरम पाण्याच्या पिशवीनं शेकला. पॅच नेमका तिथेच. दुपारी लाईन गेली, कूलर बंद, खोलीची भट्टी झाली.

तीन वाजता बाबा घोरायला लागले. ते कधी घोरत नाहीत. आई म्हणाली, आवाज करू नको, किती दिवसांनी शांत झोपलेत. चारला चहा घेऊन गेले तर हलवूनही उठेनात. नखं निळसर. शेजारच्या काकू धावत आल्या, म्हणाल्या ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळला, चमच्यानं पन्हं पाजायला घेतलं. शेवटी त्यांच्या मुलानं गाडी काढली. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पापणी वर केली, श्वास मोजले, मिनिटाला ६, आणि विचारलं, "पॅच लावलाय का?" इंजेक्शननंतर दोन-तीन मिनिटांत बाबांनी डोळे उघडले आणि दुखण्यानं ओरडले. आई मटकन खाली बसली.

पॅच लिहून देताना उष्णतेबद्दल आम्हाला कोणी एक शब्द सांगितला नव्हता. हे वेळेत ओळखायचं कसं? ते इंजेक्शन घरी ठेवता येतं का? की पॅच बंदच करावा?

निवृत्त सिस्टर:
बेटा, शेवटचं आधी सांगते. पॅच मनानं बंद करू नकोस, ते दुखणं खरं आहे आणि त्याला औषध लागतंच. डॉक्टरांना मात्र आजच सगळं सांग.

त्वचा तापली की पॅचमधलं औषध भराभर रक्तात उतरतं. शेकायची पिशवी, उन्हातली खाट, अंगातला ताप, सगळ्यांनी तेच होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे प्रत्येक घरी सांगून पाठवायला हवं.

मी कॅज्युअल्टीत २६ वर्षं काढली. उष्माघाताचा माणूस तापलेला असतो, भरभर श्वास घेतो. अफूच्या जातीच्या औषधाचा, म्हणजे तुमच्या फेंटॅनिलसारख्याचा, अंमल चढला की उलट होतं: श्वास संथ, मधेच थांबणारा, घशात घरघर, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. सावळ्या माणसाचा निळेपणा ओठ पाहून कळत नाही, नखं आणि हिरड्या बघायच्या.

जोरात हाक मार, मुठीची हाडं छातीच्या मधल्या हाडावर रगड. उठले नाहीत तर १०८ लाव, फोन स्पीकरवर ठेव आणि पॅच काढून टाक. मान मागे, हनुवटी वर. श्वास थांबल्यासारखा असेल तर नाक चिमटीत धरून तोंडानं दर पाच सेकंदांनी एक श्वास दे, छाती वर आलेली दिसली पाहिजे. श्वास चालू असेल तर कुशीवर वळव. पन्हं, पाणी, दूध काही तोंडात घालायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या ते फुप्फुसात जातं.

ते इंजेक्शन नॅलॉक्सोनचं, असल्या औषधाचा अंमल उतरवणारं. ०.४ मिलीग्रॅमची अँप्युल येते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. तुझ्या बाबांना ते जास्त गेलं तर दुखणं एकदम उसळतं, म्हणून थोडं थोडं देतात. घरी ठेवायचं का, हे त्यांच्याच डॉक्टरांना विचार. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, पॅचचं औषध मात्र त्वचेखाली कित्येक तास राहतं. डोळे उघडले म्हणून लगेच घरी आणायचं नाही.

इंदोऱ्याचा दादा:
ताई, माह्या घरी कॅन्सर नाही, पण श्वासाचं तसंच झालं होतं. माहा लहान भाऊ ब्राऊन शुगर घेत होता, ते बी अफूच्याच जातीचं. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, तब्येत बी भरली. चौथ्या दिवशी जुन्या हिशेबानंच घेतलं. शरीराची सवय मोडली होती, त्याले झेपलं नाही. सोबतचे दोघं पोलिसाच्या भेवानं पळून गेले. मायनं बाथरूमचं दार तोडलं म्हणून वाचला. केंद्रातून नाहीतर जेलातून आलेल्या पोराले पहिल्या काही आठवड्यात जास्त धोका असते, हे आम्हाले कोणी सांगतलंच नाही. सोबत दारू नाहीतर झोपेच्या गोळ्या असल्या तर अजून वाईट. आता आमच्या बाथरूमले आतून कडीच नाही. कोणाच्या घरी असं असेल तर व्यसनमुक्तीच्या हेल्पलाईनले १४४४६ वर फोन करा, पैसे लागत नाही.

मानेवाड्याची लेक:
सिस्टर, दादा, दोघांचे मनापासून आभार. अजून एक. वापरलेले पॅच आम्ही कचऱ्याच्या डब्यात टाकत होतो, आणि घरी चार वर्षांची भाची आहे.

निवृत्त सिस्टर:
आजपासून नाही! वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, लेकराच्या अंगाला चिकटला तर जीव जाऊ शकतो. चिकट बाजू आत घेऊन दुमडा, कुलपाच्या डब्यात ठेवा, पुढच्या तपासणीला दवाखान्यात नेऊन द्या. आणि नवा लावताना जुना निघालाय ना ते बघा. पाठीवर विसरलेला दुसरा पॅच मी दोनदा पाहिलाय.

मानेवाड्याची लेक:
डबा आणला. आईनं कॅलेंडरवर पॅचची वेळ लिहायला सुरुवात केली. आत्ता बाबा झोपलेत. घड्याळ समोर धरून त्यांचे श्वास मोजले. १४.